चारचाकी विकणं आणि कॉर्नफ्लेक्स विकणं : पैसा नेमका कुठे सुटतो?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय. घरची द्राक्षबाग आहे, पण अवकाळीने गेली काही वर्षं फार दमवलं. म्हणून मी आणि धाकटा भाऊ जोडधंद्याच्या शोधात आहोत. मिरज रस्त्याला लागून आमची थोडी मोकळी जागा आहे आणि त्या जागेपायी एकाच महिन्यात दोन प्रस्ताव दारात आले.

पहिला : जिल्ह्यातला एक मोटार डीलर तिथे छोटं शोरूम काढू म्हणतोय, निम्मं भांडवल आमचं. दुसरा : कॉर्नफ्लेक्स, मुसली, ओट्स बनवणारी एक कंपनी सांगली-मिरज-कुपवाडसाठी वितरक शोधतेय, आमच्या जागेवर गोदाम होईल.

बाबांचं म्हणणं असं की आठ लाखांची गाडी विकली तर तीसेक हजार सुटतात आणि दोनशे रुपयांचा खोका विकला तर दहा रुपये. एका गाडीच्या बरोबरीला तीन हजार खोके. मग ती हमाली कशाला करायची? शिवाय गाडीच्या धंद्याला गावात मान आहे, हेही त्यांच्या मनात आहे.

मला हे गणित इतकं सोपं वाटत नाही, पण ते कुठे चुकतंय हेही बोट ठेवून सांगता येत नाही. या दोन्ही धंद्यांत आतून वावरलेले लोक इथे आहेत. अमुक कर, तमुक करू नको, असं सांगू नका. हिशेब कसा चालतो तेवढं समजावून द्या.

जुना हिशेबनीस

कृष्णाकाठ, पुण्यात एका मोटार डीलरकडे मी २२ वर्षं हिशेब लिहिले, म्हणून गाडीची बाजू मी सांगतो. तुमच्या वडिलांचं गणित आहे तिथपर्यंत बरोबर आहे. त्यात फक्त दिवस मोजलेले नाहीत.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच तिचे पैसे कंपनीला पोचलेले असतात. ते बँकेच्या कर्जातून जातात आणि ते कर्ज डीलरच्या नावावर असतं. ८ लाखांच्या गाडीवर ९ टक्क्यांनी दिवसाला जवळपास २०० रुपये व्याज चढतं. मार्जिन ४ टक्के धरा, म्हणजे ३२ हजार. गाडी २० दिवसांत गेली तर व्याज ४ हजार, काही बिघडत नाही. तीच ८० दिवस यार्डात उभी राहिली तर १६ हजार गेले. एवढे दिवस उभी राहिलेली गाडी सूट दिल्याशिवाय हलत नाही, म्हणजे दहा हजारांची सूट आणि पाच हजारांच्या अ‍ॅक्सेसरी. हातात उरले हजार रुपये. सेल्समनचा इन्सेंटिव्ह, शोरूमचं भाडं, वीज अजून द्यायचीच आहे.

आणि हे ८० दिवस मी उगाच धरलेले नाहीत. डीलरांच्या देशव्यापी संघटनेचं, म्हणजे 'फाडा'चं म्हणणं असतं की साठा २१ दिवसांचा असावा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच आकड्यांप्रमाणे देशभरातला साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला होता. सुमारे ७९ हजार कोटी रुपयांच्या गाड्या डीलरांच्या अंगणात उभ्या होत्या.

असं होतं कारण कारखान्याची विक्री आणि डीलरची विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याला पेपरात 'गाड्यांची विक्री वाढली' म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक वेळा कारखान्याने डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाने नेलेल्या गाड्या मोजायच्या तर वाहन नोंदणीचा आकडा बघावा लागतो. महिनाअखेरीला कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन येतो, 'एवढं बिलिंग उचला, टार्गेट पुरं करा, मग इन्सेंटिव्ह सुटेल.' डीलर उचलतो. त्या लॉटमध्ये चालणाऱ्या पांढऱ्या रंगाच्या जोडीला कुणी विचारत नाही अशा रंगाच्या चार गाड्याही येतात.

आमच्या यार्डात एक पोरगा होता, त्याचं काम एवढंच की दर शनिवारी उभ्या गाड्या एकेक करून सुरू करायच्या, हातभर मागेपुढे घ्यायच्या आणि टायरची हवा बघायची. नाहीतर बॅटरी उतरते आणि टायर एका जागी बसतो. पावसाळ्यात रबरी मॅटखाली बुरशी धरायची. गिऱ्हाइकाला हे कधी दिसत नाही, त्याच्यासमोर गाडी नवीकोरी, रिबन लावून येते. पण ती नवीकोरी ठेवायला रोज पैसे पडत असतात.

मग डीलर जगतो कशावर? वर्कशॉपवर. सर्व्हिसिंग, स्पेअर पार्ट, डेंटिंग-पेंटिंग, विम्याचं कमिशन, गिऱ्हाइकाच्या कर्जावर बँक देते तो पेआउट, जुन्या गाडीची अदलाबदल. शोरूमचा सगळा खर्च वर्कशॉपच्या नफ्यातून निघत असेल तर तो डीलर वाईट वर्षातही उभा राहतो. विकलेली प्रत्येक गाडी म्हणजे पुढच्या आठ-दहा वर्षांच्या सर्व्हिसिंगचं गिऱ्हाईक. म्हणून तुमच्या भागीदाराला पहिला प्रश्न हा विचारा की वर्कशॉप कुणाच्या नावावर राहणार. नुसतं शोरूम तुमच्याकडे आणि वर्कशॉप त्याच्याकडे असेल तर धंद्यातला गर त्याच्या ताटात आणि साल तुमच्या.

लक्ष्मीपुरी

ओ कृष्णाकाठ, कोल्हापूरहून बोलतोय. १४ वर्षं डिस्ट्रिब्युशन करतोय, त्यात कॉर्नफ्लेक्स-ओट्सची लाईन सहा वर्षं. हिशेबनीस काकांनी दिवस मोजायला सांगितले ते शंभर टक्के खरं. आता आमचे दिवस मोजा.

माझ्या १० लाखांच्या भांडवलाची विभागणी अशी : ४ लाखांचा माल गोदामात, ५ लाख बाजारात उधारी, १ लाख कंपनीकडे अडकलेले क्लेम, म्हणजे खराब मालाची मागितलेली भरपाई. महिन्याची विक्री १५ लाख. ६ टक्के मार्जिन म्हणजे ९० हजार. त्यातून दोन पोरांचे पगार ३६ हजार, टेम्पो आणि ड्रायव्हर २२ हजार, गोदाम ८ हजार, हमाली-मोबाइल-नुकसानी ६ हजार. राहिले १८ हजार. माझा स्वतःचा पगार यात धरलेला नाही.

तुम्हाला स्पष्ट सांगतो, हे १५ लाख निव्वळ कॉर्नफ्लेक्सवर होत नाहीत. माझ्याकडे बिस्किटं, नूडल्स, सॉस पण आहेत. एकट्या नाश्त्याच्या खोक्यांवर सांगलीत टेम्पो परवडणार नाही. त्या कंपनीने फक्त आपलीच लाईन ठेवायची अट घातली तर सही करू नका.

अजून एक गोष्ट कागदावर दिसत नाही. कॉर्नफ्लेक्स म्हणजे हवा वाहून न्यायची. टेम्पो वरपर्यंत भरतो, बिल मात्र इवलंसं. त्याच टेम्पोत साबण किंवा चहा भरला तर कित्येक पट किमतीचा माल बसतो. डिझेल तेवढंच लागतं, ड्रायव्हरचा पगारही तोच. भाडं आम्ही घनफुटाचं भरतो आणि मार्जिन रुपयावर मिळतं.

खोक्याचा कोपरा चेपला की दुकानदार परत देतो, आतली पिशवी जशीच्या तशी असली तरी. एक्सपायरीला तीन महिने उरले की कोण घेत नाही. उंदराने एक खोका कुरतडला तर शेजारचे सहा पण वासाने बाद. हे सगळं 'डॅमेज-एक्सपायरी क्लेम' म्हणून कंपनीकडे जातं. एका कंपनीने माझे क्लेम अकरा महिने लटकवले होते. त्या अकरा महिन्यांचं व्याज कुणी दिलं नाही.

आणि काकांनी बिलिंगचं जे सांगितलं ते आमच्याकडे डिट्टो आहे. कंपनीकडून माझ्याकडे येतो तो माल 'प्रायमरी', माझ्याकडून दुकानात जातो तो 'सेकंडरी'. एरियाचा साहेब प्रायमरीवर जगतो, मी सेकंडरीवर. ३० तारखेला रात्री आठ वाजता फोन येतोच.

जुना हिशेबनीस

लक्ष्मीपुरी, तुम्ही आकडे उघड केलेत, आता दोन्ही बाजू एका पट्टीवर मांडता येतात. मार्जिनचा टक्का गुणिले वर्षातले फेरे.

यांचे १० लाख वर्षाला १ कोटी ८० लाखांचा धंदा करतात, म्हणजे पैसा १८ वेळा फिरतो. ६ गुणिले १८ : खर्चाआधी भांडवलावर १०८ टक्के. गाडी ८० दिवस थांबली तर पैसा वर्षात साडेचार वेळा फिरणार. ४ गुणिले साडेचार : १८ टक्के. आणि गाडी २० दिवसांत जायला लागली तर तीही १८ वेळा फिरते, मग ७२ टक्के. गाडी तीच आणि मार्जिनही तेच, फरक फक्त ती किती दिवस थांबली याचा. कृष्णाकाठ, वडिलांना एवढंच मांडून दाखवा. तीन हजार खोक्यांची हमाली खरी आहे, पण त्या खोक्यांमागे भांडवल फार थोडं अडकतं.

पाचसरोवरं

मी मिशिगनमध्ये १८ वर्षं राहतेय, अ‍ॅन आर्बरजवळ. धागा वाचताना राहवलं नाही, कारण हे दोन्ही धंदे आमच्या या एकाच राज्यात, एकाच महामार्गावर मोठे झाले. डेट्रॉइटहून आय-९४ ने पश्चिमेला निघालं की साधारण दोन तासांत बॅटल क्रीक लागतं. इकडे मोटारींचं शहर, तिकडे 'सीरियल सिटी', म्हणजे नाश्त्याच्या फ्लेक्सचं शहर. वाऱ्याची दिशा योग्य असेल तर गावात शिरताना भाजलेल्या धान्याचा वास येतो. मला दरवेळी आजीच्या भट्टीवरच्या लाह्या आठवतात.

बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी १८९४ च्या सुमारास गव्हाचे फ्लेक्स केले. धाकट्याने, विल केलॉगने, १९०६ मध्ये मक्याच्या फ्लेक्सची कंपनी काढली. तिथे पूर्वी उपचाराला येऊन गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टने त्याच्या आधीच आपला कारखाना उभा केला होता. मका स्वस्त, भाजणं सोपं, नक्कल करणं त्याहून सोपं. त्यामुळे पैसा यंत्रापेक्षा नावात घातला गेला. १९०७ मध्ये केलॉगने न्यूयॉर्कमध्ये जाहिरात दिली : बुधवारी आपल्या वाण्याला डोळा मारा आणि काय मिळतं ते बघा. मिळायचं नमुन्याचं फुकट पाकीट. मालाची मागणी दुकानदाराच्या डोक्यावरून थेट गिऱ्हाइकात तयार केली, मग दुकानदाराला माल ठेवावाच लागला.

फोर्डने उलट केलं. मॉडेल टी ही गाडी १९०८ ची, फिरत्या पट्ट्यावरची जुळणी १९१३ ची. यंत्रं एवढी महाग की कारखाना थांबवणं परवडत नाही. १९२०-२१ च्या मंदीत विक्री बसली तेव्हा फोर्डने न मागवलेल्या गाड्या डीलरांना पाठवून रोख पैसे घेतले. डीलरांनी आपापल्या गावच्या बँकेतून कर्ज काढून त्या सोडवल्या. कंपनीची मंदी अशी गावोगावच्या डीलरांच्या खात्यावर गेली. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, पण हिशेबनीस काकांचा महिनाअखेरीचा फोन वाचून तीच आठवली.

पुढे इथल्या डीलरांनी लढून कायदे करून घेतले. १९५६ चा केंद्रीय कायदा डीलरला कंपनीविरुद्ध कोर्टात जायचा हक्क देतो. बऱ्याच राज्यांत कंपनीला डीलर टाळून थेट गाडी विकता येत नाही. तरी २००९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली तेव्हा ७८९ डीलरांचे करार एका फटक्यात संपले. २००७ ते २००९ या दोन वर्षांत अमेरिकेतली गाड्यांची विक्री वर्षाला १ कोटी ६० लाखांवरून १ कोटी ४ लाखांवर आली होती. गाडी घेणं लोक दोन वर्षं पुढे ढकलू शकतात. सकाळचा वाडगा पुढे ढकलता येत नाही.

सुपरमार्केटच्या फळीवर मात्र सीरियलवाल्यांनाही भाडं मोजावं लागतं. नवीन खोका फळीवर ठेवायचे वेगळे पैसे दुकानं घेतात. डोळ्यांच्या उंचीची जागा आणखी महाग.

खांदेश्वर

पाचसरोवरं, लाह्यांची आठवण छान. त्याच कंपनीची भारतातली कहाणी आमच्या बाजूची आहे म्हणून भर घालतो. १९९४ मध्ये केलॉग भारतात आली, कारखाना इथे नवी मुंबईजवळ तळोज्याला. पहिली काही वर्षं गाडं अडलं, कारण आपण दूध गरम घेतो. गरम दुधात कुरकुरीत फ्लेक्सचा दोन मिनिटांत लगदा होतो. वर किंमत इथल्या मोहन्सच्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा बरीच जास्त.

कृष्णाकाठ, तुम्ही धंदा करणार तर प्रतिस्पर्धी दुसरा खोका नसेल. समोर पोहे आहेत. पोहे किलोवर मिळतात, पाहुण्याला देता येतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून पोरापर्यंत सगळे खातात. खोक्याला जागा मिळाली ती दहा रुपयांच्या पुडीमुळे. शाळेतून येताना पोरं चॉकलेटचे फ्लेक्स कोरडेच खातात. गाडीवाल्याची टेस्ट ड्राइव्ह असते तशी ही पुडी. चव लागली की आई महिन्याच्या सामानात मोठं पाकीट लिहिते. त्यामुळे वितरक झालात तर शाळांजवळची दुकानं आधी धरा.

अनुप्रिया_अर्थ

मी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. या धाग्याच्या शीर्षकाने चकित झाले, कारण आमच्या औद्योगिक अर्थशास्त्राच्या वर्गात हीच जोडी शिकवतात.

१९९५ मध्ये बेरी, लेव्हिन्सन आणि पेक्स या तिघांनी अमेरिकेतल्या १९७१ ते १९९० च्या गाड्यांच्या किमती अभ्यासल्या. प्रश्न असा होता : एका गाडीची किंमत वाढली तर तिचं गिऱ्हाईक जातं कुठे? त्याआधीची सोपी सूत्रं म्हणायची की बाजारातल्या हिश्श्याच्या प्रमाणात सगळीकडे पांगतं. म्हणजे महागडी आलिशान गाडी घेणारा माणूस किंमत वाढली म्हणून उठून सर्वांत खपाची छोटी गाडी घेईल. हे पटणारं नाही. या तिघांनी प्रत्येकाची आवड आणि ऐपत वेगळी धरून गणित मांडलं, म्हणजे मोठ्या गाडीचं गिऱ्हाईक दुसऱ्या मोठ्या गाडीकडेच सरकतं हे त्यात उतरलं.

२००१ मध्ये अविव नेवो यांनी हीच पद्धत सीरियलला लावली, सुपरमार्केटच्या १९८८ ते १९९२ च्या विक्रीवर. त्यामागे जुना वाद होता. सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ मध्ये सीरियलच्या बड्या कंपन्यांवर खटला भरला होता. आरोप असा की मूठभर कंपन्या मिळून मक्तेदारी चालवतात आणि इतके प्रकार बाजारात आणतात की नव्या माणसाला फळीवर जागाच उरत नाही. दहा वर्षं चालून तो १९८२ मध्ये निकालात निघाला, कंपन्या सुटल्या. नेवो यांनी मोजून दाखवलं की नफा भरपूर आहे हे खरं, पण तो समजावून सांगायला संगनमत धरावं लागत नाही. एकाच कंपनीकडे अनेक ब्रँड असणं आणि जाहिरातीने त्या ब्रँडची मनात किंमत वाढवणं, एवढी दोन कारणं पुरतात. मधाचे फ्लेक्स महागले तर आई त्याच कंपनीचे बदामाचे उचलते. पैसे घरातच राहतात.

हे तुमच्या कामाचं का, तर कंपनीने आणलेल्या दहा-पंधरा प्रकारांचा खर्च ती एकटी उचलत नाही. चालणारे प्रकार तीन-चार असतील, बाकीचे फळी अडवून धरायला. आणि फळीवर जाण्याआधी ते कुणाच्या तरी गोदामात पडून राहतात.

लक्ष्मीपुरी

अनुप्रिया ताई, बरोबर पकडलंत. आम्ही त्याला 'रेंज' म्हणतो. महिन्याला पंधराच्या पंधरा प्रकार उचलले तर मार्जिन अर्धा टक्का जास्त. माझी एक्सपायरी बघाल तर साधे कॉर्नफ्लेक्स आणि चॉकलेटवाले त्यात जवळपास नाहीत. सगळी त्या शेवटच्या आठ-नऊ प्रकारांची. इतकी वर्षं मी हे माझ्या विक्रीच्या पोराच्या आळसावर घालत होतो, आता त्याला बोलवून सांगतो.

गोदाघाट

मी नाशिकमध्ये एका शोरूममध्ये सेल्सला आहे. फेरे आणि टक्के सगळं पटलं, पण मुहूर्त राहिला. आपल्याकडे गाडी पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला निघते. पितृपक्षात कुणी चावी हातात घेत नाही. वर्षाचा मोठा हिस्सा मोजक्या दिवसांवर अवलंबून आणि त्या दिवसांसाठी साठा आधी दोन महिने भरून ठेवावा लागतो.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. आमच्या ३१ डिलिव्हऱ्या ठरलेल्या. नंबर लागलेले, हार सांगितलेले, पेढ्यांचे बॉक्स टेबलावर. २४ च्या मध्यरात्रीपासून देश बंद. बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांप्रमाणे बनवलेल्या गाड्या विकायची शेवटची तारीख ३१ मार्च होती, त्यामुळे शेजारचं दुचाकीचं शोरूम तर गच्च भरलेलं. ते मालक दुसऱ्या दिवशी बंद शटरसमोर उभे होते, मी माझ्या गॅलरीतून बघितलं. काही बोलायची सोय नव्हती. एप्रिल २०२० मध्ये मारुतीसारख्या कंपनीची देशातली विक्री शून्य होती. पण यार्डातल्या गाड्यांचं व्याज चालूच राहिलं.

लक्ष्मीपुरी दादा, तुमचं त्या महिन्यात काय झालं?

लक्ष्मीपुरी

ताई, खरं सांगायचं तर माझा टेम्पो पास घेऊन रोज फिरत होता. पोरं घरी, नाश्ता घरी. चार महिने पडलेला मुसलीचा माल पंधरा दिवसांत गेला. वाईट वाटतं बोलायला, पण तसं झालं खरं.

पण आमचं संकट दुसरीकडून येतं. मोठी दुकानं आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप थेट कंपनीकडून माल घेतात, तोही माझ्या खरेदीपेक्षा स्वस्त. माझा दुकानदार मला मोबाइल दाखवतो, 'बघ, गिऱ्हाइकाला इथे तुझ्या दरापेक्षा कमी पडतंय.' याच कारणावरून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांच्या मालाचा पुरवठा थांबवला होता.

जुना हिशेबनीस

गाडीतही ते वारं आलंय. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीजने २०२१ मध्ये भारतात पद्धत बदलली. साठा कंपनीच्या मालकीचा, बिल थेट गिऱ्हाइकाच्या नावे, डीलर फक्त दाखवणार आणि पोचवणार. डीलरचा मान कमी झाला असं बरेच जण म्हणाले. मला ते हिताचं वाटलं, कारण व्याज त्याच्या डोक्यावरून गेलं. साधारण गाड्यांच्या कंपन्या मात्र असं करायला तयार नाहीत.

करांचंही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट (सेस म्हणजे वरचा जादा कर) २९ वरून १८ टक्क्यांवर आला, कॉर्नफ्लेक्सवरचा १८ वरून ५ वर. पण घोषणा १५ ऑगस्टला झालेली. मधले पाच आठवडे गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला, त्यात पितृपक्ष. ८ लाखांच्या गाडीवर ६५ हजारांहून जास्त वाचणार असतील तर कोण थांबणार नाही? आणि डीलरांनी आधी भरलेल्या सेसची जमा वहीत अडकली ती वेगळीच. २०० च्या खोक्यावर २२ रुपये कमी होणार म्हणून मात्र कुणी नाश्ता थांबवला नाही. वितरकांना जुन्या छापील किमतीच्या मालाचा ताप झाला, पण धंदा चालू राहिला.

तरी खोका सुरक्षित आणि गाडी धोक्याची असा अर्थ काढू नका. चांगलं वर्कशॉप असलेला डीलर मी तीन मंद्यांतून तरलेला पाहिलाय. फक्त इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की ऑइल बदलणं, फिल्टर, क्लच ही कामं कमी होतील, ते पुढच्या दहा वर्षांच्या हिशेबात धरा. आणि कंपनीच देश सोडून गेली तर काय, हेही विचारा. २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हा सुमारे १७० डीलर होते. अमेरिकेत आहे तसा डीलरसाठीचा कायदा आपल्याकडे नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस इथे लिहिलं नाही कारण दोघांकडेही जाऊन बसलो होतो. तीन प्रश्न कागदावर लिहून नेले : माल किती दिवस थांबतो, न खपलेला कोण परत घेतो, आणि कुठला माल किती उचलायचा हे कोण ठरवतो.

डीलरने प्रामाणिकपणे वही दाखवली. गेल्या वर्षी सरासरी ५४ दिवस. परत घेण्याचा प्रश्नच नाही. रंग आणि मॉडेल 'कंपनी देईल तसं'. वर्कशॉप त्यांच्याकडेच राहणार. काकांचा पहिला प्रश्न विचारल्यावर ते जरा गप्प झाले.

कॉर्नफ्लेक्सच्या कंपनीचा माणूस म्हणाला की एक्सपायरी खरेदीच्या १ टक्क्यापर्यंत परत घेऊ, क्लेम ६० दिवसांत. लेखी द्या म्हटल्यावर वरून विचारून सांगतो म्हणाला. काल मेल आला, १ टक्क्याचं लेखी आलंय, ६० दिवसांचं नाही. दुसऱ्या लाईन ठेवायला हरकत नाही असं मात्र स्पष्ट लिहिलंय, आणि गणपती पेठेतल्या एका चहाच्या व्यापाऱ्याने त्याच टेम्पोत त्याचा माल फिरवायची तयारी दाखवलीय. म्हणजे लक्ष्मीपुरी दादांची हवा थोडी भरून निघेल.

रात्री बाबा स्वतः वही घेऊन बसले. ३६५ भागिले ५४, त्याला गुणिले ४. सत्तावीस आले. दोनदा केलं. मग म्हणाले, 'आणि यातून अजून भाडं, पगार जायचंय?' मी हो म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी बागेत जाताना म्हणाले, की जागा दोन वर्षं गोदामाला लावून बघू, शोरूमवाल्याला वर्कशॉपसकट येत असशील तर ये म्हणून सांग.

लक्ष्मीपुरी दादा, आता एक कामाचं विचारतो. जागेवर जुनं पत्र्याचं शेड आहे. पावसाळ्यात खालून ओल येते. तेच वापरू का स्लॅब टाकावा लागेल?

लक्ष्मीपुरी

स्लॅब लगेच नको, पैसे अडकवू नका. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग मारून घ्या, नाहीतर मे महिन्यात आतल्या पिशव्या फुगतात. जमिनीवर कोबा, त्यावर लाकडी पॅलेट, भिंतीपासून फूटभर सोडून थर लावा. सातच्या वर एकावर एक खोके नको, खालचे चेपतात. दाराखाली उंदरासाठी पत्र्याची पट्टी आजच मारा. पहिला माल मागवताना फक्त चार प्रकार घ्या आणि ६० दिवसांचं लेखी आल्याशिवाय चेक देऊ नका. येत्या रविवारी मी मिरजेला लग्नाला येतोय, येताना शेड बघून जातो.